तीन चलांचं द्विघाती समीकरण: पृष्ठ कोणतं ते बिनचूक ओळखायचं कसं

क्ष² + य² + झ² + ४क्ष·य + ४य·झ + ४झ·क्ष − ६क्ष − १०य − ४झ + ८ = ०

हे समीकरण समोर आलं की बरेच विद्यार्थी लगेच "एलिप्सॉइड" (अंड्यासारखं बंद पृष्ठ) लिहून मोकळे होतात, कारण तिन्ही वर्गपदांची चिन्हं अधिक दिसतात. उत्तर साफ चुकतं. हे पृष्ठ वन-शीट हायपरबोलॉइड आहे, म्हणजे मधे कंबर असलेलं आणि दोन्ही टोकांना पसरत जाणारं. काही जण आयगेन व्हॅल्यू (अक्ष फिरवून गुणाकाराची पदं घालवली की वर्गपदांपुढे उरणाऱ्या संख्या) बरोबर काढतात आणि शेवटच्या पायरीला चिन्ह फिरवायला विसरून वन-शीटचं टू-शीट (दोन सुटे तुकडे असलेलं) करून ठेवतात. चूक आकडेमोडीत कमी होते, क्रमात जास्त. म्हणून इथे क्रमावरच भर दिला आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडच्या कारखान्यांत मोजलेल्या बिंदूंवरून आकार बसवणाऱ्यांना, दोघांनाही हाच क्रम लागतो.

आधीची तयारी

सगळी पदं डावीकडे आणा, उजवीकडे फक्त ० ठेवा. मग कागदावर दहा जागा आखा: वर्गांच्या तीन (क्ष², य², झ²), गुणाकारांच्या तीन (क्ष·य, य·झ, झ·क्ष), एकघाती तीन आणि स्थिरपदाची एक. जे पद समीकरणात नाही, त्याच्या जागी ० लिहा, जागा रिकामी सोडू नका. पुढची निम्मी घसरण या रिकाम्या जागांमुळे होते.

सहगुणक अपूर्णांकात असतील तर सगळं समीकरण एकदाच गुणून घ्या. गुणाकार केला तरी पृष्ठ बदलत नाही. फक्त ऋण संख्येने गुणलं तर सगळी चिन्हं उलटतात, म्हणून तसं केल्याची नोंद बाजूला ठेवा.

टप्पा १: मॅट्रिक्स मांडणे

वर्गांचे सहगुणक कर्णावर (वर डावीकडून खाली उजवीकडे) जसेच्या तसे येतात. गुणाकारांचे सहगुणक निम्मे करून कर्णाच्या दोन्ही बाजूंना लिहायचे. आपल्या उदाहरणात ४ चे २ होतात:

१  २  २
२  १  २
२  २  १

⚠ निम्मे न करता ४ लिहिणं ही या विषयातली सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. ती पुढे कुठेही आपोआप उघडी पडत नाही; आयगेन व्हॅल्यू सरळपणे निघतात, पण दुसऱ्याच पृष्ठाच्या असतात.

✔ तपासणी: (क्ष, य, झ) ही ओळ, मॅट्रिक्स आणि तोच स्तंभ असा गुणाकार उलटा करून बघा. ४क्ष·य परत मिळालं पाहिजे.

✔ दहा सेकंदांची आणखी एक तपासणी: कर्णावरचे कोणतेही दोन आकडे आणि त्यांच्या जोडीचा बाजूचा आकडा घ्या. दोघांचा गुणाकार वजा बाजूच्या आकड्याचा वर्ग, हे ऋण आलं तर एलिप्सॉइड तिथेच बाद. इथे १ × १ − २² = −३. त्याचं कारण असं: झ = ० घेऊन पृष्ठ कापलं तर छेद हायपरबोला येतो, आणि एलिप्सॉइड कुठूनही कापला तरी हायपरबोला मिळत नाही.

टप्पा २: केंद्र आहे का ते आधी बघणे

केंद्र म्हणजे ज्या बिंदूभोवती पृष्ठ सममित असतं तो बिंदू. इथे घाई करून थेट वर्ग पूर्ण करायला बसू नका. गुणाकाराची पदं असताना एकेका चलाचा वर्ग पूर्ण केला तर बाकीची पदं हलत राहतात आणि वही भरून जाते. त्याऐवजी क्ष, य, झ यांच्या सापेक्ष आंशिक अवकलन करा, प्रत्येक निकाल ० ला समान मांडा आणि २ ने भागा:

क्ष + २य + २झ = ३
२क्ष + य + २झ = ५
२क्ष + २य + झ = २

तिन्हींची बेरीज केली की ५(क्ष + य + झ) = १०, म्हणजे बेरीज २. पहिलं समीकरण म्हणजे "बेरजेची दुप्पट वजा क्ष", म्हणून क्ष = १. तसंच य = −१, झ = २. केंद्र (१, −१, २).

इथे तीन शक्यता असतात. एकच उत्तर आलं तर केंद्र एक. उत्तरांची आख्खी रेषा किंवा प्रतल आलं तर केंद्रं अनंत, मग त्यातलं सोयीचं एक घ्या आणि पुढे चला. समीकरणं परस्परविरोधी निघाली तर केंद्रच नाही. तेव्हा टप्पा ३ मधल्या आयगेन व्हॅल्यू आणि टप्पा ५ मधल्या दिशा काढून थेट टप्पा ६ वर जा.

केंद्रावर आरंभबिंदू नेला की एकघाती पदं नाहीशी होतात, द्विघाती पदांना धक्का लागत नाही आणि स्थिरपद बदलतं. नवं स्थिरपद म्हणजे मूळ डाव्या बाजूत केंद्र घातल्यावर येणारी किंमत: २ − ६ + १० − ८ + ८ = ६. यातला पहिला २ हा सगळ्या द्विघाती पदांचा मिळून आहे.

✔ तपासणी: नवं स्थिरपद = जुनं स्थिरपद + एकघाती भागाच्या किमतीचा अर्धा. ८ + ½(−६ + १० − ८) = ८ − २ = ६. दोन वाटांनी एकच आकडा आला पाहिजे.

⚠ केंद्र पृष्ठावर असतंच असं नाही, बहुतेक वेळा नसतंच. केंद्र समीकरणात घालून ० आलं नाही म्हणून आकडेमोड खोडू नका. ० आलं तर मात्र थांबा: पृष्ठ शंकू, दोन प्रतलं, रेषा, नुसता बिंदू अशा विशेष प्रकारांतलं आहे.

टप्पा ३: आयगेन व्हॅल्यू

तीन संख्या काढा: कर्णाची बेरीज (३), कर्णावर बसणाऱ्या तीन २×२ डिटरमिनंटची बेरीज (−३ − ३ − ३ = −९), आणि पूर्ण डिटरमिनंट (५). मग आयगेन व्हॅल्यूला ल म्हटलं तर समीकरण असं होतं:

ल³ − ३ल² − ९ल − ५ = ०

म्हणजे (ल − ५)(ल + १)² = ०. आयगेन व्हॅल्यू ५, −१, −१.

शेवटच्या तीन पदांची चिन्हं नीट बघा. बेरजेपुढे वजा, २×२ च्या बेरजेपुढे अधिक, डिटरमिनंटपुढे वजा. इथे २×२ ची बेरीजच ऋण असल्यामुळे −९ दिसतं.

✔ तपासणी: ५ − १ − १ = ३. जोड्यांच्या गुणाकारांची बेरीज −५ − ५ + १ = −९. तिन्हींचा गुणाकार ५. तिन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सममित मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू नेहमी वास्तव असतात. काल्पनिक आली तर मांडणीत किंवा आकडेमोडीत चूक आहे, मागे फिरा.

टप्पा ४: चिन्हं मोजून नाव ठरवणे

नव्या अक्षांना प, फ, ब म्हणू. समीकरण असं उरतं:

५प² − फ² − ब² + ६ = ०

आता क्रम पाळा. स्थिरपद उजवीकडे न्या: ५प² − फ² − ब² = −६. मग उजवीकडे +१ येईल असं भागा, म्हणजे −६ ने:

फ²/६ + ब²/६ − प²/(६/५) = १

नाव ठरवायचं ते इथे, याआधी नाही. तिन्ही वर्गपदं असतील आणि उजवीकडे +१ असेल, तेव्हा डावीकडे एकही ऋण चिन्ह नसेल तर एलिप्सॉइड. एक ऋण असेल तर वन-शीट, दोन ऋण असतील तर टू-शीट हायपरबोलॉइड. तिन्ही ऋण असतील तर एकही वास्तव बिंदू नाही. आपल्याकडे एक ऋण आहे, म्हणून वन-शीट.

⚠ आयगेन व्हॅल्यूंच्या यादीत दोन ऋण आणि एक धन दिसतात, म्हणून "दोन ऋण, म्हणजे टू-शीट" असं लिहिलं जातं. त्या यादीवरून एवढंच कळतं की हायपरबोलॉइड किंवा शंकू आहे. वन-शीट, टू-शीट की शंकू, ते स्थिरपद ठरवतं. हे हाताने करून बघण्यासारखं आहे. मूळ समीकरणात फक्त शेवटचा ८ बदला:

८ असेल तर केंद्रावरची किंमत ६, पृष्ठ वन-शीट.
२ असेल तर किंमत ०, पृष्ठ शंकू, आणि त्याचं टोक (१, −१, २) वर.
−१३ असेल तर किंमत −१५. तेव्हा ५प² − फ² − ब² = १५, म्हणजे भागल्यावर दोन ऋण: टू-शीट. दोन तुकड्यांची टोकं (२, ०, ३) आणि (०, −२, १) या बिंदूंवर येतात. दोन्ही बिंदू समीकरणात घालून बघा, ० येतं.

डावीकडचं बाकी काहीही बदललेलं नाही, तरी पृष्ठं तीन वेगळी. किंमत ६ वरून ० कडे येताना कंबर बारीक होत एका बिंदूवर येते, आणि ० च्या खाली गेली की पृष्ठ तुटून दोन तुकडे होतात. हे डोळ्यांनी बघायचं तर मोबाइलवर जिओजेब्रा थ्रीडी उघडा, शेवटच्या आकड्याच्या जागी स्लायडर घाला आणि हळूहळू सरकवा.

✔ पक्की तपासणी: चौथा स्तंभ आणि चौथी ओळ जोडून ४×४ डिटरमिनंट काढा. जोडताना एकघाती सहगुणक निम्मे आणि कोपऱ्यात स्थिरपद. केंद्र एकच असेल तेव्हा त्याची किंमत = ३×३ डिटरमिनंट × नवं स्थिरपद. इथे ५ × ६ = ३०. वन-शीट हायपरबोलॉइडसाठी ही संख्या धन असते, टू-शीट आणि खऱ्या एलिप्सॉइडसाठी ऋण, शंकूसाठी ०. आपल्या तीन समीकरणांना ३०, ० आणि −७५ मिळतात.

टप्पा ५: दिशा काढणे

पृष्ठाचं फक्त नाव हवं असेल आणि केंद्र असेल तर हा टप्पा सोडला तरी चालतो. अक्ष, कंबरेची त्रिज्या किंवा आकृती हवी असेल तर तो लागतोच.

दिशा म्हणजे मॅट्रिक्सने गुणल्यावर फक्त आयगेन व्हॅल्यूच्या पटीत बदलणारा स्तंभ. ५ साठी दिशा (१, १, १). −१ साठी क्ष + य + झ = ० या प्रतलातली कोणतीही दिशा चालते, आणि नेमका तिथेच सापळा आहे. पुष्कळ जण (१, −१, ०) आणि (१, ०, −१) घेतात. दोन्ही प्रतलात आहेत हे खरं, पण त्यांचा बिंदुगुणाकार १ येतो, ० नाही, म्हणजे त्या एकमेकींना लंब नाहीत. आयगेन व्हॅल्यू वेगवेगळ्या असतील तर दिशा आपोआप लंब येतात; पुन्हा आलेल्या व्हॅल्यूसाठी ती जबाबदारी आपली. (१, −१, ०) ठेवा आणि तिला लंब अशी (१, १, −२) निवडा.

मग प्रत्येकीला तिच्या लांबीने भागा: √३, √२, √६. हे राहिलं तर प², फ², ब² यांचे सहगुणक आयगेन व्हॅल्यूंशी जुळणार नाहीत. तिन्ही दिशांचं डिटरमिनंट +१ आहे ना तेही बघा; −१ आलं तर एका दिशेचं चिन्ह उलटा, नाहीतर अक्ष फिरण्याऐवजी आरशातल्यासारखे उलटे होतात.

आता पृष्ठाचं पूर्ण वर्णन करता येतं: अक्ष (१, −१, २) मधून (१, १, १) दिशेने, कंबर क्ष + य + झ = २ या प्रतलात, त्रिज्या √६, म्हणजे सुमारे २.४५. दोन आयगेन व्हॅल्यू सारख्या असल्यामुळे कंबर वर्तुळ आहे. वेगळ्या असत्या तर लंबवर्तुळ झालं असतं.

✔ शेवटची तपासणी: केंद्रापासून (१, १, −२) एवढं सरका, बिंदू (२, ०, ०) मिळतो. त्याचं अंतर √६, म्हणजे तो कंबरेवर हवा. मूळ समीकरणात घाला: ४ − १२ + ८ = ०. असा एक तरी बिंदू मूळ समीकरणात घालून पाहिल्याशिवाय उत्तराखाली रेघ ओढू नका.

टप्पा ६: केंद्र नसेल तेव्हा

क्ष² − २क्ष·य + य² + २झ² − २क्ष − ६य − ४झ + ३ = ०

अवकलन केल्यावर एक समीकरण क्ष − य = १ म्हणतं, दुसरं क्ष − य = −३. केंद्र नाही. आयगेन व्हॅल्यू २, २, ०. इथे क्रम उलटतो: आधी अक्ष फिरवा, मग सरकवा.

प = (क्ष + य)/√२ ही ० ची दिशा, फ = (क्ष − य)/√२, ब = झ. एकघाती पदंही फिरवायची हे विसरू नका. अर्ध्या वह्यांमध्ये वर्गपदं नव्या अक्षांत आणि एकघाती पदं जुन्याच अक्षांत दिसतात. −२क्ष − ६य म्हणजे −४(क्ष + य) + २(क्ष − य), म्हणून −४√२ प + २√२ फ.

ज्या दिशांना वर्गपद आहे त्यांचेच वर्ग पूर्ण करा:

२(फ + १/√२)² + २(ब − १)² − ४√२ प = ०

स्थिरपदं −१, −२ आणि +३ एकमेकांत उडतात. भागल्यावर (फ + १/√२)² + (ब − १)² = २√२ प. हा गोल पॅराबोलॉइड, डिशचा आकार. शिरोबिंदू (−½, ½, १). उजवीकडचा सहगुणक नाभीअंतराच्या चौपट असतो, म्हणून नाभीअंतर √२/२ आणि नाभी (०, १, १). सौर कुकरच्या परावर्तकात भांडं ठेवायची जागा हीच.

⚠ आयगेन व्हॅल्यू ० आली म्हणून पॅराबोलॉइड लिहू नका. ० च्या दिशेने एकघाती पद उरलं तरच पॅराबोलॉइड. वरच्या समीकरणात −६य ऐवजी +२य आणि शेवटी ३ ऐवजी १ घाला: प नाहीसा होतो आणि त्रिज्या १ ची वृत्तचिती (सिलिंडर) मिळते. शेवटी ३ च ठेवला तर ती वृत्तचिती आकसून नुसती रेषा होते.

उरलेल्या दोन आयगेन व्हॅल्यू विरुद्ध चिन्हांच्या असतील आणि एकघाती पद उरलं असेल तर घोड्याच्या खोगिरासारखा हायपरबोलिक पॅराबोलॉइड. झ = क्ष·य हे त्याचं सगळ्यात साधं रूप: कर्णावर तिन्ही शून्यं, तरी आयगेन व्हॅल्यू ½, −½, ०. दोन आयगेन व्हॅल्यू ० असतील तर पॅराबोलाची चिती किंवा समांतर प्रतलं, तिथे फारसं अडत नाही.

टप्पा ७: दोऱ्याचं मॉडेल

वन-शीट हायपरबोलॉइड वक्र असूनही आख्खा सरळ रेषांनी भरलेला असतो. कागदावर हे पटत नाही, हातात घेतलं की पटतं.

साहित्य: ११ सेंमी त्रिज्येच्या दोन चकत्या (३ मिमी प्लाय किंवा पत्रा, कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये कापून घेता येतील), ८ मिमीचा आटे पाडलेला २६ सेंमी रॉड, चार नट, चार वॉशर, १६ मीटर न ताणणारा दोरा.

१. दोन्ही चकत्यांवर १० सेंमी त्रिज्येच्या वर्तुळावर २४ भोकं पाडा. कोनमापकाने दर १५ अंशांवर खूण करा. कर्कटकाने २.६ सेंमी मोजत गेलात तर प्रत्येक वेळची थोडी चूक साठत जाते आणि शेवटचं भोक जुळत नाही.
२. दोन चकत्या एकावर एक ठेवून एकदमच भोकं पाडा, म्हणजे खालची आणि वरची नेमकी समोरासमोर येतात. भोकांना १ ते २४ क्रमांक द्या.
३. मधल्या रॉडवर चकत्या २० सेंमी अंतरावर नटांनी घट्ट करा. दोरा ओवण्याआधीच घट्ट करा, नाहीतर ताणाने चकती फिरते.
४. खालच्या १ मधून वरच्या ९ मध्ये, २ मधून १० मध्ये, असा आठ भोकं पुढे दोरा न्या. आठ भोकं म्हणजे १२० अंश.
५. मग दुसऱ्या रंगाने उलट दिशेने आठ भोकं मागे.

कंबरेची त्रिज्या = १० × कोनाच्या अर्ध्याचा कोसाइन = १० × कोसाइन ६०° = ५ सेंमी. समीकरण (क्ष² + य²)/२५ − झ²/(१००/३) = १. झ = १० ला ४ − ३ = १, बरोबर. दोऱ्याचा प्रत्येक तुकडा सुमारे २६.५ सेंमी भरायला हवा. तुमचा कमी-जास्त येत असेल तर चकत्यांमधलं अंतर चुकलं आहे.

⚠ आठच्या जागी बारा भोकं पुढे गेलात तर सगळे दोरे रॉडवर येऊन अडतात, कारण १८० अंशांना कंबर ० होते, म्हणजे शंकू. स्थिरपद २ केल्यावर टप्पा ४ मध्ये मिळाला तसाच.

मोजलेल्या बिंदूंवरून समीकरण बसवताना

दहा सहगुणक असले तरी सगळ्यांना एकाच संख्येने गुणता येत असल्यामुळे खऱ्या अज्ञात राशी नऊ. म्हणून किमान नऊ बिंदू लागतात. प्रत्यक्षात मोजणीतल्या चुका दबाव्यात म्हणून याच्या कितीतरी पट घ्या. सुट्या भागाचा आकार चेंडूसारखा गोल आहे हे आधीच माहीत असेल तर चार बिंदूंत भागतं. तिथे सर्वसाधारण समीकरण बसवू नका.

बसवण्याआधी सगळ्या बिंदूंमधून त्यांची सरासरी वजा करा. मशीनचा शून्यबिंदू दूर असेल तर सहगुणक प्रचंड होतात आणि वजाबाकीत अचूकता जाते. स्थिरपद १ धरून बाकीचे सोडवण्याची सवयही सोडा: पृष्ठ आरंभबिंदूतून जात असेल तर स्थिरपद ० असतं आणि त्या धरण्याने उत्तर बिघडतं. त्याऐवजी दहाही सहगुणकांच्या वर्गांची बेरीज १ धरा.

सगळ्यात फसवी चूक बिंदू निवडण्यातली आहे. प्रोब (मोजणी मशीनचं पृष्ठाला टेकणारं टोक) फक्त दोनच उंचीवर फिरवून बिंदू घेतले, तर ते दोन समांतर प्रतलांवर असतात, आणि ती दोन प्रतलं मिळूनच एक द्विघाती पृष्ठ होतं. म्हणजे भाग शंकू असो की वृत्तचिती, प्रोग्रॅमला चूक शून्य असलेलं एक भलतंच उत्तर मिळतं आणि तो तेच देऊ शकतो. निदान चार-पाच उंच्यांवर आणि पृष्ठाच्या सगळ्या बाजूंनी बिंदू घ्या. छोट्या तुकड्यावरूनच बिंदू घेतले तर एखादी आयगेन व्हॅल्यू ० च्या इतकी जवळ येते की तिच्या चिन्हावर भरवसा ठेवता येत नाही. कॉम्प्युटर ती क्वचितच नेमकी ० दाखवतो. म्हणून ० कशाला म्हणायचं ती मर्यादा मोजणीच्या अचूकतेवरून आधी ठरवा, मग टप्पा ४ मधली चिन्हं मोजा.